दोरीचं पुढचं टोक

हाफोद, मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार

प्रिय विल्फ,

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी एका पोरक्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. एका काखेत कोकरू आणि दुसऱ्या बाजूला फोन, तोही त्या कानाला, जो हल्ली अर्धाच चालतो. तुझा आवाज ओळखायलाच मला वेळ लागला. तू मात्र होतास तसाच आहेस, हवापाण्याची चौकशी न करता सरळ मुद्द्यावर आलास. "नेस्टा, ती पुस्तकवाली माणसं तुझ्याकडे येतील. त्यांना सांग, सिडच पुढे होता, मी मागून गेलो. एवढंच सांग, जास्त काही नको." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आणि मग ते बोललास, जे तू इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हतास. "त्याची वाट मी घेतली गं. त्या रात्री तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि सकाळी पायाखाली न बघता उतरला." एवढं बोलून फोन ठेवलास. कोकरानं बाटली संपवली आणि माझ्या बाहीला लुचायला लागलं, तरी मी तशीच उभी होते. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. चष्मा लाव आणि सावकाश वाच.

पुस्तकवाली माणसं येऊन गेलीसुद्धा. माणसं कसली, एकच मुलगी आली होती, केरिस नावाची, इथल्या बेथेस्डा गावाकडची. शाळेत गणित शिकवते आणि सुट्टी मिळाली की कड्यांवर असते. आमच्या खोऱ्यातल्या कड्यांवरच्या वाटांचं नवं पुस्तक निघतंय, आणि कुठली वाट पहिल्यांदा कोणी चढली ते लिहायचं काम तिच्याकडे आहे. दारात उभी राहिली तेव्हा तिच्या बोटांची सालटी निघालेली होती. ते बघूनच मला कळलं, ही कड्यावरची तुमची ती भेग चढून आली आहे. मी न विचारता कोमट पाण्यात मीठ टाकून वाडगा पुढे केला, जसा तुम्हा दोघांपुढे करायची. हात बुडवून ती ओरडली आणि मग हसली. म्हणाली, "आंटी नेस्टा, एवढी अवघड वाट त्या काळात, कॅनव्हासच्या बुटांत, कंबरेला नुसता दोर बांधून कोणी चढलं असेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही." मग तिचा चेहरा उतरला. विश्वास न बसणारे दुसरेही आहेत, असं ती म्हणाली. त्या दिवसांत हॉटेलात उतरणारे कोणी एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांनी कळवलंय की सिड टॅटरसॉल वर्षभर त्या भेगेतून हात हलवत परत येत होता, तो एका दिवसात वर गेलाच कसा? पाहिलं कोणी? भेगेत वर तो पांढऱ्या पट्ट्याचा गोटा अडकवलेला आहे म्हणावं, तर तो वरून लोंबकळूनही कोणी बसवला असेल. थोडक्यात, तुम्ही दोघं ती वाट चढलाच नाहीत, मित्र मेल्यावर तू एक गोष्ट रचलीस. नव्या पुस्तकातून सिडचं नाव जाणार आणि नंतर आलेल्या विद्यापीठातल्या दोघांची नावं तिथे लागणार. केरिसला ते पटत नाही, पण तिच्याकडे साक्षीदार नाही. "तुम्ही इथेच होतात, तुम्ही काय पाहिलंत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, शनिवारी ये, तोवर मला एका माणसाला पत्र लिहायचं आहे. तर शनिवार उद्या आहे.

काल दुपारी फाटकाशी बसून क्रेग ब्रानकडे बघत होते. कावळ्यांचा कडा म्हणतात त्याला, पण हल्ली कावळे कमी आणि तुमच्यासारखी माणसंच जास्त. रंगीबेरंगी दोर, डोक्यावर टोप्या, कंबरेला इतकं लोखंड की आमच्या घोड्याच्या सामानाला लाजवेल. तुमच्याकडे काय होतं? सिडच्या आईची कपडे वाळत घालायची दोरी! तुम्ही पहिल्यांदा आलात ती पावसाळी संध्याकाळ मला आठवते. महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, तरी चहा-साखरेचं रेशन चालूच होतं. मँचेस्टरहून कोणाच्या तरी लॉरीवर बसून आलेले तुम्ही दोघं आमच्या अंगणात निथळत उभे. सिडच्या मानेवर कोळशाची काजळी, कारण तो शनिवारी दुपारपर्यंत गाडीवरून कोळसा वाहायचा. तू छपरांवर कौलांसारख्या दगडी पाट्या बसवायचास. आमच्या तादांनी, म्हणजे वडिलांनी, ती दोरी हातात घेऊन ताणून पाहिली आणि म्हणाले, "याच्यावर माझी बायको ओली चादर टाकणार नाही, आणि तुम्ही जीव टाकता?" सिड म्हणाला, "मालक, चादर फाटली तर आई मारेल. आम्ही पडलो तर मारायला उरणारच नाही." तादा हसले नाहीत, पण तुम्हाला गवताच्या माळ्यावर झोपू दिलं. तुझ्याशी तर ते पहिल्या रात्रीच बोलायला लागले. जन्मभर खाणीत पाटी फोडलेला माणूस तो. तू अंगणातली पाटी उचलून बोटानं टकटक करून कानाशी धरलीस तेव्हा खूश झाले. मला म्हणाले, "हा पोरगा ऐकतो. दुसरा नुसता बोलतो." मला मात्र तो दुसराच आवडला, ते तुला तेव्हाही कळलं होतं.

तादांचं म्हणणं होतं, सहा दिवस राबून सातव्या दिवशी देवाच्या घरी जायचं सोडून ही पोरं दगडाला मिठ्या मारतात, यांचं काही खरं नाही. पण तुमचेही धर्म होते की, आणि ते आमच्या चॅपलपेक्षा कडक. कड्यात लोखंडी मेख ठोकायची नाही. ठोकलीच तर तो माणूस तुमच्या कडे चढणाऱ्या टोळीतून उठला. त्याऐवजी आमच्या ओढ्यातले गोटे खिशात भरून न्यायचे, भेगेत अडकवायचे आणि त्यांच्यामागून दोरीचा वेढा घालायचा. निसर्गानं दिलेला दगड चालतो, लोहारानं दिलेला खिळा चालत नाही, असा तुमचा न्याय. मी पाण्यात उभी राहून गोटे निवडायची आणि सिड काठावरून नखरे करायचा, "हा फार गोल आहे गं, हा फार गुळगुळीत, तुझ्या बापाच्या डोक्यासारखा." दुसरा धर्म असा की कोणी एखाद्या वाटेमागे लागला असेल तर इतरांनी तिला हात लावायचा नाही. क्रेग ब्रानच्या मधोमध वर गेलेली ती काळी भेग सिडची होती. तो वर्षभर तिच्यात हात घालून सोलून घेत होता आणि जो तो म्हणायचा, जाऊ दे, ती सिडची आहे. तिचं नावही त्यानं ठरवून टाकलं होतं, 'आईची दोरी'. कारण सोमवारी धुणं वाळत घालायला आई परसात गेली आणि दोरीच नाही, तेव्हापासून तिनं त्याला जी शिव्या घालायला सुरुवात केली ती कधी थांबलीच नव्हती.

आणि तिसरा धर्म. त्याच्याचसाठी हे सगळं लिहिते आहे, म्हणून तुला ठाऊक असूनही लिहिते. नवी वाट झाली की जो दोरीच्या पुढच्या टोकाला होता त्यानं स्वतःच्या तोंडानं ते सांगायचं नाही. जो मागून आला त्यानं सांगायचं. खालच्या गुत्त्यात सगळी टोळी जमली की मागच्यानं ग्लास खाली ठेवायचा, उभं राहायचं आणि म्हणायचं, "अमका पुढे होता. मी मागून आलो." एवढंच. मग आरडाओरडा, पाठीवर थापा, पुढच्याला बिअर. हॉटेलात उतरणारे ते कोटवाले साहेबलोक स्वतःच्या चढाया स्वतःच लिहून छापायचे, आणि तुमची टोळी त्यांना हसायची. सिड म्हणायचा, "आपल्या लग्नात आपणच 'नवरा देखणा आहे' म्हणायचं असतं का?" मलाही तो नियम फार चांगला वाटायचा. त्याला एक भोक आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. मागून येणारा दुसऱ्या दिवशी जिवंतच नसला तर काय करायचं, ते तुमच्यापैकी कोणी ठरवलं नव्हतं.

व्हिटसनचा, म्हणजे ईस्टरनंतरच्या सणाच्या सुट्टीचा, तो रविवार. मी चॅपलमधून आले, डोक्यावर आईची निळी टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक, आणि घरात न जाता फाटकाशीच उभी राहिले. ऊन पडलं होतं, कडा कधी नव्हे तो सुका होता. भेगेत दोन माणसं होती. तुला आठवत असेल, त्या हिवाळ्यात मी तादांचा जुना कोट-स्वेटर उसवून त्याच लोकरीचा सिडला हिरवा स्वेटर विणला होता. इतका भडक हिरवा की सिड म्हणायचा, मेंढ्या मला चरायला येतात. विल्फ, तो हिरवा स्वेटर खाली होता. पायथ्यापासून थोडा वर, दगडाच्या त्या अरुंद पायरीवर उभा राहून दोर सोडत होता. वर राखाडी सदऱ्यात जो होता तो तू होतास. मी तुला भेगेतल्या सगळ्यात अवघड जागेवर थांबलेलं पाहिलं. खिशातून काहीतरी काढून भेगेत बसवताना पाहिलं. मग तू एक पाय बाहेर टाकलास आणि वर गेलास. घाईनं नाही, छपरावर पाट्या लावत सरकतोस तसा. नंतर हिरवा स्वेटर वर आला. म्हणजे मी पाहिलं आहे. ते गृहस्थ विचारतात ना, पाहिलं कोणी? मी पाहिलं, चॅपलची टोपी घालून, आणि आत जेवण थंड झालं म्हणून आईची बोलणी खाल्ली.

त्या दिवशी खाली गुत्ता बंद होता. रविवारी आमच्या खोऱ्यात कोणाला बिअर मिळत नसे, चॅपलवाल्यांची कृपा. नाहीतर त्याच संध्याकाळी सगळं बोलून झालं असतं आणि तुझं आयुष्य वेगळं गेलं असतं. सोमवारी दुपारी दार उघडायचं होतं. तोवर वेळ घालवायला म्हणून तुम्ही सकाळी वर गेलात, एक सोपी वाट केलीत आणि नेहमीच्या गवताळ घळीनं उतरायला लागलात. रात्री पाऊस पडून गेला होता. त्या घळीत कोणी दोर बांधत नसे, खिशात हात घालून उतरायची सगळी. कड्यावर जिवापाड जपणारी माणसं तुम्ही, आणि जिथे कडा संपला तिथे संपलं म्हणायची. पुढचं मी लिहीत नाही. तू सिडला उचलून आणलंस, तादांनी गोठ्याचं दार काढून त्यावर त्याला ठेवलं. हिरवा स्वेटर मी कोणाला काढू दिला नाही.

मंगळवारी त्याची आई आली. काळी टोपी, काळी पर्स, आणि पर्समध्ये त्याच्यासाठी आणलेले मांसाचं सारण भरलेले दोन पाव, कारण बातमी पोचायच्या आधीच तिनं ते भाजून ठेवले होते आणि टाकवेनात. माझ्या स्वयंपाकघरात बसली. रडली नाही. टोळीतली बाकीची पोरं भिंतीला टेकून, टोप्या हातात घेऊन उभी होती. तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझ्या दोरीच्या नावानं ती वाट करायची म्हणायचा. केली का रे माझ्या पोरानं?" तुमच्या नियमाप्रमाणे त्या घरात बोलू शकणारा एकच माणूस उरला होता, आणि जो बोलणार तो मागचा ठरणार होता. तू म्हणालास, "सिड पुढे होता. मी मागून आलो." त्या बाईनं मान हलवली आणि मग ती रडली. मी चहा ओतत होते. तुझ्या कपात ओतला, तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, केवढं मोठं मन आहे या माणसाचं, आयुष्यात एकदाच मिळणारी गोष्ट दुसऱ्याच्या आईच्या ओटीत घालून मोकळा झाला. त्या क्षणी मी ठरवलं, हे माझ्या तोंडून कधी जाणार नाही.

नंतर ती दर व्हिटसनला यायची. तिला ते सगळं कळत नव्हतं, कडा कुठून सुरू होतो तेही नाही. पण अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि कोणी पोरं दोर घेऊन जाताना दिसली की थांबवून सांगायची, "ती मधली आहे ना, ती माझ्या सिडनं पहिली केली. माझ्या दोरीचं नाव दिलंय तिला. चोरून नेली होती मेल्यानं." पोरं टोप्या काढायची. तुझं काय झालं, तेही मी पाहत होते. तुझ्याबरोबर माळ्यावर झोपणाऱ्या पोरांची नावं वर्तमानपत्रात यायला लागली, काही परदेशातल्या मोठ्या डोंगरांवर गेले, एकानं बुटांचं दुकान काढलं. तुला मात्र 'सिडचं शेपूट' म्हणायचे. तो गेल्यावर याला स्वतःहून काही जमेना, बघा, असं म्हणायचे. एकदा माझ्यासमोर बोलले, मी चहाची किटली आपटली आणि बाहेर गेले. तू एक-दोन वर्षं आलास, मग नाही आलास. माझ्या लग्नाला पाटीची ती सुंदर घड्याळाची चौकट पाठवलीस, पण आला नाहीस. मला वाटायचं, आपणच चढलेल्या वाटेखालून दुसऱ्याच्या नावानं जाणं त्याला जड जात असेल, जाईलच की. सिडची आई गेली तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, देणं तुझं होतं, ते परत मागायचं की नाही तेही तूच ठरवायचंस. माझा नवरा इफोर म्हणायचा, देवानं बायकांमध्ये एक तरी गप्प बसणारी केली, ती माझ्या वाट्याला आली. त्याला जाऊनही आता तीन हिवाळे झाले.

मग तुझा फोन आला आणि मला कळलं, की मी इतकी वर्षं चुकीचं धरून चालले होते. तू दान केलंच नव्हतंस. तू फेडत होतास. त्याची वाट घेतली म्हणून तो रुसला, रुसला म्हणून बोलला नाही, मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून पाय घसरला, हे तू मनाशी धरून बसलास आणि त्याची भरपाई म्हणून आपलं नाव देऊन टाकलंस. विल्फ, मी आता जे लिहिते ते दोनदा वाच. रविवारी संध्याकाळी मी दूध काढत होते आणि सिड गोठ्यात आला. मी विचारलं, "मागून का गेलास रे?" तो चपापला, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, मेंढ्या ज्याला चरायला येतात तो मागून गेला. तेव्हा तो इतका हसला की गाय दचकली. म्हणाला, "अगं, वर्षभर झगडल्यावर आज त्या जागेवर गेलो आणि एकदम समजलं, हे माझ्या हातांचं काम नाही. कोळशाच्या गोण्या उचलून बोटं अशी जाडी झालीत, त्या भेगेत मावतच नाहीत. त्याला म्हटलं, तू जा. तर गाढव म्हणतो, तुझी वाट आहे. म्हटलं, लेका, माझी असली तरी तिला वर न्यायला कोणीतरी हवं की नको? शेवटी तुझा तो पांढऱ्या पट्ट्याचा गोटा त्याच्या खिशात कोंबला आणि ढकललं त्याला. नेस्टा, काय गेला गं तो! मी खाली उभा राहून दोर सोडत होतो आणि मला वाटत होतं, असं चढताना मी उभ्या जन्मात कोणाला पाहणार नाही. मला जळायलाच सुचलं नाही."

मग तो दूध काढायच्या तिपाईवर चढला. डाव्या हातात ग्लास आहे असं सोंग करून खाली ठेवलं, छाती काढली आणि म्हणाला, "विल्फ ओग्डन पुढे होता. मी मागून आलो." मनासारखं होईना म्हणून पुन्हा म्हणाला. एकदा पाद्र्यासारखा, एकदा हॉटेलातल्या साहेबासारखा. त्याला ते उद्या सगळ्यांसमोर असं म्हणायचं होतं की तुझे कान लाल व्हावेत. आणि म्हणाला, "तोवर मी तोंड फुगवून बसणार. एक शब्द बोलणार नाही त्याच्याशी. त्याला वाटू दे, मी रुसलो. मग उद्या दार उघडलं की बघ कसा उडवतो." मी म्हटलं, छळू नकोस बिचाऱ्याला, तो मनाला लावून घेतो. सिड तिपाईवरून उतरला, माझ्या केसांतली पिन ओढली आणि म्हणाला, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

शपथेवर सांगते, मला वाटलं होतं की ते सोंग तुझ्यासमोर घटकाभरही टिकलं नसेल. त्याला हसू कधी आवरायचं? माळ्यावर शेजारी शेजारी झोपणारी माणसं तुम्ही, तुला सगळं ठाऊकच असणार असं मी धरून चालले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखादी गोष्ट नीट वठवली, आणि तीच नेमकी. तो रुसला नव्हता रे. सकाळी माझ्या हातचा पाव आणि बेकन उभ्यानं खाताना तुझ्या पाठीमागे मला डोळा मारून गेला. आणि घळीचं म्हणशील तर गवत ओलं होतं. त्याच जागी माझ्या दोन मेंढ्या गेल्या, त्यांचं मन कोणी दुखावलं नव्हतं.

तेव्हा हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. तुझ्या हातात पडेल तोवर केरिस येऊन गेलेली असेल. सिडचं नाव पुस्तकातून जाणार नाही, वाटेचं नावही त्यानं ठेवलेलंच राहील; फक्त दोन नावांचा क्रम बदलेल, आणि तो बदलायला त्याच्याइतकं उत्सुक दुसरं कोणी नव्हतं. तू मात्र गप्प राहा. तुमचा नियम आहे, पुढच्यानं बोलायचं नसतं. उद्या केरिससाठी चहा टाकीन, माझा कप खाली ठेवीन, गुडघे दुखत असले तरी उभी राहीन, आणि ज्यानं ते सांगायचं होतं त्याच्या वतीनं सांगेन, त्याच्याच शब्दांत: विल्फ ओग्डन पुढे होता, मी मागून आलो. मग तू ये, विल्फ. अंगणात खुर्ची टाकून ठेवते. सिडच्या आईची आहे, अजून भक्कम आहे. बसून एकदा वर बघ, आपलं म्हणून.

तुम्हा दोघांचीही,
नेस्टा